केबलवर नेट ठणठणीत, वायफाय मात्र तुटतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घर रत्नागिरीजवळ, जुनं, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचं. फायबर आणि राउटर पुढच्या पडवीत, माझं काम मागच्या खोलीत. माजघरापर्यंत नेट झकास, मागे मात्र मीटिंगमध्ये आवाज तुटतो. कंपनीचा माणूस येतो, राउटर बंद-चालू करतो, राउटरशेजारी उभा राहून स्पीड दाखवतो आणि जातो!

लॅपटॉप लॅन केबलने जोडला की दिवसभर तक्रार नाही, एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवाही लागत नाही. म्हणजे बाहेरची लाइन बरी असावी. वायफायवरून १९२.१६८.१.१ ला, म्हणजे राउटरच्याच पत्त्यावर, पिंग (उत्तर येतं का ते सतत विचारणं) लावून ठेवलं, तर कॉल अडकतो तेव्हा राउटरकडूनही उत्तर येत नाही. वायफायच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) मागे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ८० डीबीएमच्याही खाली जातो (शून्यापासून जितका लांब, तितका कमजोर), २.४ चा उणे ६५ च्या आसपास. २.४ चं चॅनेल (त्या बँडमधला ठरावीक भाग) ऑटोवरून काढून ११ वर ठेवलं, किंचित फरक पडला. दोन्ही बँडना नाव एकच आहे, त्यामुळे लॅपटॉप मधूनच ५ वर उडी मारतो असा संशय आहे.

नावं वेगळी करून २.४ वरच राहू का? की मागे दुसरा राउटर केबलने जोडून अ‍ॅक्सेस पॉइंट (तिथेच वायफाय देणारा) म्हणून लावू? सगळे रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) सुचवतात, पण साधा रिपीटर एकाच बँडवर घेतो-देतो, स्पीड निम्मा होतो. बिनतारी मेश (एकमेकांशी वायफायनेच जोडलेले राउटर) जांभ्यातून कुणाचं नीट चाललंय का? केबल न्यायची तर कौलांखालून, आणि तिथे उंदीर फार. कॅट ६ (लॅन केबलचा प्रकार) कशातून नेलीत, तेही सांगा.