बॉल पायथनचे पिल्लू खात नसेल तर हाताने भरवावे की वाट पाहावी?

तापीकाठ (भुसावळ)

आपल्या जळगाव-धुळे भागातही आता बॉल पायथन हा परदेशी साप पाळणारे भेटू लागले आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते : पिल्लू आणले, पण ते खात नाही. त्यावर लगोलग मिळणारा सल्ला असा की, चिमट्याने जबडा उघडावा आणि उंदराचे पिल्लू आत ढकलावे. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पोटात उरलेल्या बलकावर काही दिवस काढते, साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पहिली कात टाकते आणि त्यानंतरच भक्ष्याकडे वळते. म्हणून घेतानाच, पिल्लाने विक्रेत्याकडे निदान तीन-चार वेळा स्वतःहून खाल्ले आहे का, आणि काय खाल्ले, हे विचारून घ्यावे. घरी आल्यावर मात्र दोष बहुधा पेटीचा असतो. हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसभर तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत पडून राहतो. अंग चारी बाजूंनी टेकेल अशी अंधारी, अरुंद जागा त्याला मिळाली नाही, आणि वर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात त्याला दिले गेले, तर त्याचे सगळे लक्ष स्वतःच्या बचावाकडे राहते.

दुसरी गोष्ट तापमानाची. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश हवे. पुस्तकात वाचून आपण हीटिंग पॅड लावतो. पण भुसावळला मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय) लावलेला पॅड पिल्लाला भाजून काढील. त्या दिवसांत खरी गरज पेटी थंड ठेवण्याची असते. कूलर लावल्याने उष्णता उतरते आणि आपल्या कोरड्या हवेत थोडा ओलावाही येतो, फक्त त्याचा झोत थेट पेटीवर नसावा.

याला जोडूनच एक मुद्दा आहे, ज्याचा विचार फारसा होत नाही. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि भक्ष्य आजूबाजूच्या हवेपेक्षा किती गरम आहे, हे त्याला त्यांवरून कळते. खोलीच ३५ अंशांवर असेल तर फ्रीजरमधून काढून ३८ अंशांपर्यंत गरम केलेला उंदीर त्याला उठून कसा जाणवणार? उन्हाळ्यात भक्ष्य पहाटे, खोली निवलेली असताना, समोर धरून पाहावे. एवढे सगळे नीट करून पाहण्याआधी पिल्लाच्या तोंडाला हात लावणे हा मालकाच्या अस्वस्थतेवरचा इलाज होय. पिल्लाला त्याने काही मिळत नाही.

सातपुडा (चोपडा)

भाऊ, पेटीबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे, परंतु वाट पाहण्यालाही मर्यादा असते, आणि ती आपल्या लेखनात कोठेच आलेली नाही. पूर्ण वाढलेला बॉल पायथन हिवाळ्यात काही महिने न खाता राहू शकतो, हे खरे. पण साठ-सत्तर ग्रॅमच्या पिल्लाकडे तेवढा साठा कोठून येणार? 'साप उपाशी राहू शकतो' हे वाक्य मोठ्या सापाचे आहे, आणि ते पिल्लाला लावल्यामुळे लोक पाठीचा कणा वर दिसू लागेपर्यंत थांबून राहतात.

शिवाय आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजत आहात. भक्ष्य घशाखाली ढकलणे मलाही अमान्य आहे, कारण त्यात अन्ननलिकेला इजा होऊ शकते आणि साप बहुधा ते ओकून टाकतो. असिस्ट फीडिंग वेगळे आहे. त्यात नेहमीपेक्षा लहान, मेलेले आणि कोमट केलेले उंदराचे पिल्लू घ्यायचे, सापाचे डोके दोन बोटांत हलके धरायचे, भक्ष्याच्या नाकाने जबड्याची कड अलगद उघडायची आणि भक्ष्याचे फक्त डोके दातांत अडकेल इतके आत द्यायचे. सापाचे दात मागे वळलेले असल्यामुळे ते त्याला पटकन सोडता येत नाही. मग सापाला हळूच खाली ठेवून आपण पुतळ्यासारखे स्तब्ध व्हायचे. कधी तो थुंकून टाकतो, कधी जबडा एकेक बाजूने पुढे सरकवत स्वतःच गिळू लागतो. गिळतो तो सापच. आपण केवळ सुरुवात करून दिलेली असते.

खानदेशी_धुळे

आपण दोघेही सर्वांत सोपा उपाय टाळत आहात. फ्रीजरमधला उंदीर न ओळखणारे पिल्लू हालचाल करणारे भक्ष्य दिसताच झडप घालते. डोळेही न उघडलेले, नुकती लव आलेले उंदराचे जिवंत पिल्लू सापाला चावू शकत नाही, त्यामुळे जिवंत उंदीर सापाला जखमी करतो, हा नेहमीचा आक्षेप येथे लागू पडत नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य बनवण्यास मनाई करतो. येथे करमणूक नसून सापाचे पोट आहे. दोन-तीन वेळा जिवंत द्यावे, एकदा खाणे सुरू झाले की मेलेल्यावर आणावे.

आणि धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा भुसावळच्या उन्हाळ्याचे नियम आमच्या काय कामाचे?

सर्पमित्र_यावल

आप्पा, आपल्या उपायाचे पुढे काय होते, ते मी पाहतो. पांढरे उंदीर दर वेळी मिळत नाहीत, मग लोक घरातल्या किंवा केळीच्या बागेतल्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सापापुढे सोडतात. त्या उंदराने उंदीरनाशकाची वडी खाल्लेली असू शकते, आणि ते विष सापाच्या पोटात जाते, जंत वेगळेच. शिवाय वाढलेला जिवंत उंदीर रात्रभर पेटीत ठेवला, तर तो न खाणाऱ्या सापालाच कुरतडतो. कच्चे अंडे फोडून ठेवा, वाटीत दूध ठेवा, हे सल्लेही आमच्याकडे सर्रास दिले जातात. बॉल पायथन यातले काहीही खात नाही.

साप पाळण्याच्याच मी विरोधात आहे, तो वाद येथे वाढवत नाही. मात्र पिल्लू ज्यांच्या घरात आहेच, त्यांनी एक लक्षात घ्यावे. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी नसल्यामुळे लोक आजारी पिल्लू डॉक्टरांकडे नेण्यास कचरतात आणि मग घरातच चिमटे हातात घेतात. धामण किंवा अजगर यांसारखा आपल्याकडचा साप पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. त्याच्या पिल्लाला काय भरवावे, हे कृपया येथे विचारू नये.

तापीकाठ (भुसावळ)

सातपुडा भाऊ, मर्यादा हवी हा आपला आक्षेप रास्त आहे. पण ती दिवसांत मोजू नये, वजनात मोजावी. सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा फार महाग नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन करून वहीत लिहावे. वजन टिकून असेल तर थांबावे, आणि सुरुवातीच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी घट दिसली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडील बहुतेक पशुवैद्यांचा हात गायी-म्हशींवर बसलेला आहे, त्यामुळे फोनवरून का होईना, पुण्या-मुंबईचा सल्ला घ्यावा लागतो. असिस्ट फीडिंगही त्यांना विचारूनच करावे. आपण वर्णन केलेली कृती सरावलेल्या हाताची आहे. नवख्या माणसाच्या बोटांत त्या पिल्लाचा जबडा किती दाबला जातो, हे त्याला स्वतःला कळत नाही.

धुळेकर आप्पा, हिवाळ्यात पेटीला पॅड हवाच, थर्मोस्टॅटसह. जिवंत भक्ष्याआधी एवढे करून पाहा : गोठवलेले पिल्लू रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात गरम करावे, मायक्रोवेव्हमध्ये कदापि नाही, आणि देण्याच्या क्षणी त्याच्या डोक्यावर हेअर ड्रायर फिरवावा, म्हणजे डोके शरीरापेक्षा अधिक गरम लागते. लांब चिमट्याने पेटीतल्या लपण्याच्या जागेच्या तोंडाशी ते हलके हलवावे. घेतले नाही, तर तेथेच ठेवून पेटीवर कापड टाकावे आणि सकाळपर्यंत डोकावू नये.

सातपुडा (चोपडा)

वजनाचे मान्य. मात्र दहाव्या हिश्शाची घट दिसल्यावर पुण्याचा फोन लागेपर्यंत आणखी आठवडा जातो, हेही मोजणीत धरावे. आमच्या चोपड्याहून ते सोपे नाही. म्हणून घट त्याच्या निम्मी, म्हणजे विसाव्या हिश्शाएवढी, असतानाच डॉक्टरांशी बोलून ठेवावे, असे मी म्हणेन. आणि एकदा असिस्ट केले की पुढचा आठवडाभर पिल्लाला अजिबात हात लावू नये, त्यानंतरचे भक्ष्य पुन्हा चिमट्यानेच, त्याच्या मर्जीवर सोडून द्यावे.