बाबांची एक्सटँडी (प्रोस्टेट कॅन्सरची गोळी) अडकली आहे, २,१०० डॉलर एकदम भरायचे का?

प्रेषक: अ. (नाटक समिती)
सोमवार, ५ जानेवारी २०२६, सकाळ

मंडळी, घाईत लिहितोय. मंडळाच्या या मेल यादीवर डिसेंबरमध्ये झालेल्या चर्चेप्रमाणे बाबांचा पार्ट डी प्लॅन (मेडिकेअर या अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा औषधांचा भाग) बदलला, नव्या प्लॅनची पूर्वपरवानगीही आली. आता स्पेशालिटी फार्मसी (महागडी औषधं घरपोच पाठवणारी) म्हणते, २,१०० डॉलर कार्डावर घेतल्याशिवाय पार्सल निघणार नाही. गोळ्या रविवारपर्यंत पुरतील. औषध कंपनीचं को-पे कार्ड (रुग्णाच्या वाट्याचे पैसे कंपनी भरते ते) दिलं तर ‘मेडिकेअरला चालत नाही’ म्हणून नाकारलं. आत्ता भरून टाकावं आणि मागून मदत मागावी, की थांबावं? संध्याकाळी फार्मसीला परत फोन करायचाय.

---

प्रेषक: फार्मसीवाल्या वहिनी

अ., कार्ड नंबर देऊ नकोस. आधी फोन प्लॅनला, मग फार्मसीला. हा क्रम उलटा झाला की पैसे अडकतात.

फार्मसीचा आकडा चुकीचा नाही. २०२६ मध्ये पार्ट डीचं डिडक्टिबल (विम्याने भरायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) जास्तीत जास्त ६१५ डॉलर, त्यापुढे किमतीच्या २५ टक्के, आणि स्वतःच्या खिशातून वर्षाला २,१०० डॉलर भरून झाले की त्या वर्षी पार्ट डीच्या औषधांना काही लागत नाही. पूर्ण डिडक्टिबलच्या प्लॅनमध्ये औषधाची किंमत ६,५५५ डॉलरच्या वर गेली की पहिल्याच बाटलीत सगळी मर्यादा संपते. ४० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज, म्हणजे महिन्याला १२० गोळ्या. त्यांची किंमत याच्या बरीच वर आहे. फेब्रुवारीपासून शून्य. त्रास फक्त जानेवारीचा आहे.

त्यासाठीच २०२५ पासून मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन आहे, म्हणजे औषधाचे पैसे महिन्याच्या हप्त्यांनी भरायची सोय. व्याज नाही, फी नाही, उत्पन्नाची अट नाही, आणि प्रत्येक पार्ट डी प्लॅनला ही सोय ठेवावीच लागते. जानेवारीत नाव घातलं तर २,१०० भागिले १२, महिना १७५ डॉलर. एप्रिलमध्ये पहिली बाटली घेतली असती तर उरलेले नऊ महिने धरून २३३ च्या आसपास. नाव प्लॅनकडे नोंदवायचं, फार्मसीकडे नाही. वर्ष सुरू झाल्यावर विनंती आली की प्लॅनने २४ तासांत नोंद करायची असते.

नेहमी चुकतं ते इथे. आधी भरलेले पैसे नंतर हप्त्यात वळवता येत नाहीत. अपवाद फक्त तातडीच्या औषधाचा, आणि तोही ७२ तासांत मागावा लागतो. प्लॅनमध्ये नोंद झाली तरी फार्मसीच्या पडद्यावर आपोआप दिसतेच असं नाही. ‘क्लेम पुन्हा चालवा, पेमेंट प्लॅनचा बिन आणि पीसीएन वेगळा आहे’ असं स्पष्ट सांगायचं. बिन आणि पीसीएन म्हणजे बिल कुठे पाठवायचं ते सांगणारे नंबर. ते प्लॅनकडून फोनवरच लिहून घे. सगळं नीट झालं की फार्मसीला शून्य द्यायचं असतं आणि बिल प्लॅनकडून घरी येतं. ते प्रीमियमच्या बिलापेक्षा वेगळं असतं, त्यामुळे प्रीमियम आपोआप कटत असला तरी हे कटेलच असं धरू नकोस.

---

प्रेषक: विमा काका

वहिनींशी सहमत, पण हप्ता म्हणजे मदत नव्हे. पैसे तेवढेच जातात. ज्यांना १७५ सुद्धा जड आहेत त्यांच्यासाठी पुढचं.

कंपनीचं को-पे कार्ड मेडिकेअर, मेडिकेड, ट्रायकेअर यांना चालत नाही, कारण हे सरकारी विमे आहेत आणि त्यांना केंद्राचा अँटी-किकबॅक (लाच-दलालीविरोधी) कायदा लागतो. कुणाची ओळख असून त्यात फरक पडत नाही, वेळ घालवू नका. स्वतंत्र धर्मादाय संस्थांचे पैसे मात्र चालतात: पॅन फाउंडेशन, हेल्थवेल, पेशंट अ‍ॅडव्होकेट फाउंडेशन, कॅन्सरकेअर, गुड डेज. या संस्था आजारानुसार निधी ठेवतात. प्रोस्टेटचा निधी आज बंद असेल तर पुढे कधीही उघडू शकतो आणि लवकर परत बंदही होतो. पॅनचं फंडफाइंडर मोफत आहे, इतर संस्थांचे निधी उघडल्याचीही सूचना त्यावर येते. निधी उघडल्यावर कागद शोधायला बसलं तर उशीर होतो, म्हणून आजच एका फाइलमध्ये ठेवा: मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न किंवा सोशल सिक्युरिटीचं पत्र, मेडिकेअर आणि पार्ट डी दोन्ही कार्डांच्या दोन्ही बाजू, डॉक्टरांचं नाव व फॅक्स, आणि आजाराचं नेमकं निदान. निदानात नुसतं प्रोस्टेट कॅन्सर चालेलच असं नाही, मेटास्टॅटिक (शरीरात पसरलेला) असेल तर तसं लिहिलेलं लागतं.

उत्पन्नाची अट बहुतेक ठिकाणी दारिद्र्यरेषेच्या ४०० किंवा ५०० टक्के. दोघांच्या घराला २०२५ च्या आकड्याने ४०० टक्के म्हणजे ८४,६०० डॉलर. बरेच जण ‘आपण कुठे गरीब’ म्हणून अर्जच करत नाहीत, आणि पेन्शनवर राहणारं जोडपं सहज बसत असतं.

---

प्रेषक: म. (क्रिकेट गट)

एवढा खटाटोप कशाला? भारतात एन्झाल्युटामाइडचं, म्हणजे एक्सटँडीचंच, जेनेरिक मिळतं, किंमत इथल्या तुलनेत काहीच नाही. फेब्रुवारीत कितीतरी जण परत येतायत, कुणाकडे तरी तीन महिन्यांचं मागवा.

---

प्रेषक: फार्मसीवाल्या वहिनी

म., तुमचा हेतू चांगला आहे, पण या ठिकाणी हा सल्ला नको.

एफडीए या अमेरिकेच्या औषध खात्याची, स्वतःसाठी तीन महिन्यांचं परदेशी औषध आणू देण्याची सवलत मुख्यतः ज्या गंभीर आजारावर इथे औषध उपलब्ध नाही त्यासाठी आहे. इथे मंजूर असलेल्या औषधाची परदेशी आवृत्ती त्यात बसत नाही. दुसऱ्याच्या बॅगेतून, दुसऱ्याच्या नावाचं आणलं तर आणणारा अडकतो. तिथे भरलेला एक रुपयाही २,१०० मध्ये धरला जात नाही. आणि अ. ची अडचण रविवारची आहे, फेब्रुवारीची नाही.

रविवारचाच प्रश्न असेल तर ऑन्कॉलॉजिस्टच्या ऑफिसला आजच विचारावं: सॅम्पल आहे का, आणि कंपनीचा ‘विमा अडकला तर थोड्या दिवसांचा पुरवठा’ असा कार्यक्रम या रुग्णाला लागू होतो का. प्रश्न डॉक्टरांना नव्हे, ऑफिसमधल्या फायनान्शिअल काउन्सेलर किंवा नर्स नॅव्हिगेटरला विचारायचा. ही कामं तीच माणसं करतात.

---

प्रेषक: ग्रंथालय

जेनेरिकचा विषय निघालाच आहे तर, अ‍ॅबिराटेरोन हे प्रोस्टेट कॅन्सरचंच दुसरं औषध इथे २०१८ पासून जेनेरिक आहे. विमा बाजूला ठेवून रोखीच्या ऑनलाइन फार्मसीत बरंच स्वस्त मिळतं. डॉक्टरांना एकदा विचारायला काय हरकत?

---

प्रेषक: डॉ. दादा

ग्रंथालयाला उत्तर. विचारायला हरकत नाही, मात्र ते एक्सटँडीच्या जागी गोळी बदलण्याइतकं सरळ नाही. अ‍ॅबिराटेरोनचा नेहमीचा डोस २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, रिकाम्या पोटी: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. सोबत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड रोज. मधुमेह असेल तर प्रेडनिसोनने साखर चढते. यकृत, पोटॅशियम आणि रक्तदाब नियमित तपासावे लागतात. उलट एक्सटँडीत फिट्स आणि पडण्याचा धोका बघावा लागतो. कोणतं कुणाला, हे बाबांचे ऑन्कॉलॉजिस्टच ठरवतील. चालू असलेलं औषध लागू पडत असेल तर केवळ पैशासाठी बदलण्याआधी वरच्या सगळ्या वाटा संपवा.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष

मला वाटतं आपण मंडळातर्फेच आवाहन करावं. संक्रांतीच्या कार्यक्रमात एक पेटी ठेवली तर २,१०० डॉलर एका संध्याकाळी जमतील. देणाऱ्यांना करसवलतीची पावतीही देता येईल.

---

प्रेषक: खजिनदार

पावती देता येणार नाही. आपण ५०१ सी ३ (करमुक्त धर्मादाय संस्था) आहोत. एका ठरावीक व्यक्तीसाठी राखून दिलेली देणगी करसवलतीला पात्र धरली जात नाही, आणि मंडळाच्या खात्यातून असं करणं आपल्या नोंदणीला धोक्याचं आहे. मदतनिधी काढायचाच असेल तर तो सर्वांसाठी खुला हवा, निकष लेखी हवेत, निवड समितीने करायची. त्याचा ठराव कार्यकारिणीत आणा, मेलवर नाही. कुणाला खासगी द्यायचं असेल त्याने थेट द्यावं.

आणखी एक. असे जमवलेले पैसे बाबांच्या खात्यात पडून राहिले तर ती त्यांची मालमत्ता होते. एक्स्ट्रा हेल्पचा (कमी उत्पन्नवाल्यांना पार्ट डीच्या खर्चात मिळणारी सरकारी मदत) अर्ज करणार असाल तर हे आधी बघा.

---

प्रेषक: विमा काका

खजिनदारांनी एक्स्ट्रा हेल्पचं नाव काढलं ते बरं झालं, ते अगदी पहिल्यांदा तपासायचं होतं. सोशल सिक्युरिटीकडे अर्ज, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांच्या आत, मालमत्तेलाही मर्यादा. राहतं घर आणि गाडी धरत नाहीत. भारतातली मुदत ठेव मात्र धरतात, ती लिहायचीच. लपवली तर अर्जावरची सही खोटी ठरते. त्यात अर्जदार आणि त्याचा जोडीदार यांचंच उत्पन्न बघतात, मुलाचा पगार नाही.

धर्मादाय संस्था आणि कंपनीचा मोफत औषधाचा कार्यक्रम यांचं तसं नसतं. तिथे ‘हाउसहोल्ड’ विचारतात. अ., बाबा तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये डिपेन्डंट (तुमच्यावर अवलंबून) म्हणून दाखवलेत का? असतील तर बऱ्याच अर्जांत तुमचं उत्पन्न मोजलं जाईल आणि ४०० टक्क्यांच्या बाहेर जाल. अर्ज भरण्याआधी त्यातली व्याख्या शब्दशः वाचा.

---

प्रेषक: नियामक

सर्वांना विनंती: या यादीचा संग्रह शोधता येतो. पूर्ण नाव, जन्मतारीख, मेडिकेअर नंबर, रिपोर्टचे फोटो इथे टाकू नका.

---

प्रेषक: श्रु.

मला वेगळं विचारायचंय. वय कमी, विमा नोकरीचा, तर को-पे कार्ड चालतं ना?

---

प्रेषक: फार्मसीवाल्या वहिनी

श्रु., चालतं, पण एचआरला एकच प्रश्न लेखी विचार: ‘कंपनीने भरलेली रक्कम माझ्या डिडक्टिबलमध्ये आणि वार्षिक मर्यादेत धरता का?’ नाही म्हणाले तर तो को-पे अ‍ॅक्युम्युलेटर आहे. कार्डावरचे पैसे काही महिन्यांत संपतात आणि मग डिडक्टिबल पहिल्यापासून तुझ्या डोक्यावर येतं. काही राज्यांत यावर बंदी आहे, पण मोठ्या कंपन्यांचे सेल्फ-फंडेड प्लॅन (कंपनी स्वतःच्या पैशातून चालवते ते) राज्याच्या कायद्याखाली येत नाहीत. एचएसए (औषधपाण्यासाठीचं करमुक्त बचत खातं) असेल तर वेगळी मेल कर, तिथे आणखी गुंता आहे.

---

प्रेषक: अ. (नाटक समिती)

प्लॅनला फोन केला, ते माझ्याशी बोलायलाच तयार नाहीत. बाबांना इंग्रजीत फोनवर जमत नाही. आणि काका, डिपेन्डंट आहेत. कंपनीचं मोफत औषध मिळालं तर हप्त्याची गरजच उरणार नाही ना?

---

प्रेषक: विमा काका

बाबांना शेजारी बसवून स्पीकरवर फोन करा. सुरुवातीलाच दुभाषा मागा. प्लॅनला तो मोफत द्यावा लागतो, मराठी म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीचा जोडून देतात. नाव, जन्मतारीख आणि पार्ट डी कार्डावरचा मेंबर नंबर बाबांनी स्वतः सांगायचा, मग ‘माझ्या मुलाशी बोला’ एवढं म्हणायचं. त्या फोनपुरतं काम होतं. कायमचं हवं असेल तर प्लॅनचा परवानगीचा फॉर्म भरा. अपील वगैरे करायचं झालं तर प्रतिनिधी नेमण्याचा सीएमएस-१६९६ फॉर्म, त्यावर बाबांची आणि तुमची दोघांचीही सही लागते.

---

प्रेषक: फार्मसीवाल्या वहिनी

मोफत औषधाबद्दल. मंजूर झालं तर उत्तम, पण निर्णयाला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नाही, आणि तू डिपेन्डंट म्हणतोयस म्हणजे नाकारलं जाण्याची शक्यता मोठी. म्हणून आज हप्त्याचं कर, औषध घरी येऊ दे, अर्ज समांतर चालू दे. कंपनीचं मोफत औषध पार्ट डीच्या बाहेरून येतं, ते २,१०० मध्ये धरलं जात नाही. बाबांची रक्त पातळ करण्याची किंवा मधुमेहाची महाग औषधं असतील तर त्यांचा खर्च मग वेगळा चालू राहतो. धर्मादाय संस्थेने भरलेले पैसे मात्र धरले जातात. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर बाबांच्या सगळ्या औषधांची यादी समोर ठेवून बेरीज कर.

पुढे धर्मादाय संस्थेचं अनुदान मिळालं तर बिलाचा क्रम पक्का लक्षात ठेव: पहिला पार्ट डी, दुसरं अनुदान, पेमेंट प्लॅन सगळ्यात शेवटी. फार्मसीने पेमेंट प्लॅन मध्ये घातला तर अनुदानाला भरायला काही दिसत नाही आणि ते वापराविना संपून जातं. जानेवारीच्या बाटलीनंतर अनुदान आलं तर संस्थेला विचार, अर्जाआधीचे किती दिवस धरतात. त्यात बसत असेल तर फार्मसीला तो क्लेम मागे घेऊन नव्या क्रमाने चालवायला सांग. प्लॅन हप्ता कमी करेल.

पार्सल सही घेतल्याशिवाय ठेवत नाहीत. पत्ता घराचा द्यायचा की ऑफिसचा ते आजच ठरव. आणि पुढच्या डिसेंबरमध्ये परत प्लॅन बदललास तर पेमेंट प्लॅनमध्ये नाव नव्याने घालावं लागेल. तोच प्लॅन ठेवलास तर आपोआप पुढे चालतं.