थरारपट : धोका प्रेक्षकाला आधी दाखवावा की लपवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एका लघुपटाचं संकलन चालू आहे आणि एका प्रसंगावर आमच्यात एकमत होत नाहीये. संकलनाचा, ध्वनीचा किंवा नुसताच भरपूर थरारपट पाहण्याचा अनुभव असलेल्यांनी सल्ला द्यावा.

प्रसंग साधा आहे. एक बाई रात्री एकटीच घरी येते, दिवा लावते, मुलीशी फोनवर बोलत बोलत कपडे आवरून कपाटात ठेवते. घरात आधीच एक माणूस शिरलेला आहे. एकूण चार मिनिटं, संवाद फक्त फोनवरचे.

दोन कट, म्हणजे प्रसंगाची दोन संकलित रूपं, तयार आहेत. पहिल्यात तो माणूस शेवटपर्यंत दिसत नाही. ती कपाटाचं दार लावते आणि दारामागे तो उभा, सोबत दणदणीत आवाज. दुसऱ्यात ती कुलूप उघडायच्या आधीच पडद्याखाली त्याचे बूट दिसतात, पुढचं सगळं जवळपास तसंच.

पहिला कट ज्यांना दाखवला ते दचकले आणि लगेच हसले. दुसऱ्याला कुणी दचकलं नाही, पण फोन चालू असताना एकीच्या तोंडून "अगं, ठेव ना तो फोन!" असं निघून गेलं. माझं मत तिथेच ठरलं. सहदिग्दर्शकाचं म्हणणं, रहस्य सुरुवातीलाच फोडल्यावर उरलं काय?

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण माहीत आहे: अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी दाखवला तर पंधरा मिनिटांची धाकधूक. तेव्हा कृपया तेवढंच सांगून थांबू नका! माझी अडचण त्याच्या पुढची आहे. बूट दिसल्यावर सुरुवातीला सगळे श्वास रोखून बसतात, पण मध्यावर येईपर्यंत ताण उतरतो. तो टिकवायचा कसा? आणि पार्श्वसंगीत ठेवावं का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

दुसराच कट घ्या. ताण उतरतो कारण तुम्ही माहिती एकदाच दिलीत आणि मग नवीन काही दिलंच नाहीत. माणूस घरात आहे हे कळलं की प्रेक्षक मनात हिशोब मांडायला लागतो: तो कुठे, ती कुठे, बाहेरचं दार किती लांब. हा हिशोब सारखा बदलता ठेवा. मध्यावर तोच पडदा पुन्हा दाखवा, आता खाली बूट नाहीत. तो कुठे गेला हे आपल्याला माहीत नाही, आणि तिला तर तो आहे हेच माहीत नाही.

मात्र त्यासाठी घराची रचना आधी डोक्यात पक्की बसायला हवी. ती आत आल्यावर एक लांबलचक, न कापलेला शॉट द्या. बरेच जण अशा ठिकाणी भराभर कट मारतात. त्याने प्रेक्षक गोंधळतो, घाबरत नाही.

सुटकेची एखादी फटही ठेवा. मुलगी विचारते, "मी येऊ का तिकडे?" आणि ही म्हणते, "नको गं, झोप तू." जिची सुटका शक्यच नाही तिच्यासाठी कुणी जीव मुठीत धरून बसत नाही.

प्रतिसाद २

फक्त आवाजाबद्दल लिहितो.

संगीत हवंच असं नाही. 'द बर्ड्स' (१९६३) मध्ये नेहमीचं पार्श्वसंगीत नाही, पक्ष्यांचे आवाजच ते काम करतात. उलट 'सायको'च्या (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाला हिचकॉकला संगीत नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही तंतुवाद्यांचा तुकडा लिहिला आणि तो ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. म्हणजे नियम असा काही नाही. पण संगीत वापरलंत तर त्याचा अर्थ ठरवून वापरा. 'जॉज' (१९७५) मध्ये ते दोन सुर वाजले की शार्क आला. दोन पोरं शार्कचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात तेव्हा ते सुर वाजत नाहीत. प्रेक्षकाचा असा विश्वास बसल्यावर पुढे एकदा शार्क सुरांशिवायच पाण्यातून वर येतो, आणि तो क्षण जबरदस्त बसतो.

तुमच्या प्रसंगात मी संगीत काढून टाकेन आणि फ्रीजची घरघर ठेवेन. ती इतका वेळ चालू राहू दे की ऐकू येईनाशी होईल. मग बंद करा. निव्वळ शांततेपेक्षा चालू असलेला आवाज थांबणं जास्त अस्वस्थ करतं.

आणि हो, पहिल्या कटला लोक हसले हे साहजिक आहे. अचानक मोठा आवाज झाला की अंग विचार करण्याआधीच दचकतं. धोका खरा नाही हे लगेच लक्षात येतं आणि हसू फुटतं. ते तुमच्या कथेला घाबरले नव्हते, स्पीकरला घाबरले होते.

प्रतिसाद ३

सहदिग्दर्शकांना अगदीच मोडीत काढू नका. 'कॅट पीपल' (१९४२) मध्ये एक बाई रात्री रस्त्याने चालली आहे, मागून पावलं वाजताहेत, मग वाजेनाशी होतात, आणि एकदम फिस्सकन आवाज करत समोर येते ती बस! दचकवणारी गोष्ट निरुपद्रवी निघते, पण तिच्या आधीची ती लांब चाल नसती तर कुणी दचकलं नसतं. त्यामुळे बूट दाखवा आणि धक्काही ठेवा, फक्त तो कपाटामागून नको. तिथे तर सगळे आधीच डोळे लावून बसलेले असणार.

धागाकर्ता

तिघांचेही आभार. बूट नसलेला पडदा आमच्या चित्रीकरणात आहे, दिवे लावताना कॅमेरा चालूच राहिला होता! फ्रीजचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करावा लागेल.

आता एक उपप्रश्न. तो रिकामा पडदा तिच्या नजरेतून दाखवावा की ती पाठमोरी असताना फक्त प्रेक्षकालाच दिसावा? तिच्या नजरेतून दाखवला तर तिला बूट आधी दिसलेलेच नाहीत, त्यामुळे तिच्यासाठी त्याला काहीच अर्थ नाही, आणि तेच मला आवडतंय. सहदिग्दर्शक म्हणतो, प्रेक्षकाला वाटेल तिलाही कळलं. कुणी असा शॉट करून पाहिला आहे का?