मिस्टरी शॉपिंग: दुकानात ओळखू येऊ नये म्हणून काय करता?

सायली_नाशिक
मंडळी, गेल्या महिन्यापासून मिस्टरी शॉपिंगची कामं घेतेय. गिऱ्हाईक म्हणून दुकानात जायचं नि घरी येऊन फॉर्म भरायचा: नमस्कार केला का, किती वेळात विचारपूस झाली, ट्रायल रूम स्वच्छ होती का. पहिलंच काम बुटांच्या दुकानात. दोन मिनिटांत तिथला मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, ऑडिट का?" कानाच्या पाळ्या गरम झाल्या माझ्या! काम रद्द, पैसेही गेले. आता शनिवारी कॉलेज रोडला कपड्यांच्या दुकानात जायचंय. बिलाचे ३०० रुपयांपर्यंतच परत मिळणार. काय करू?

फिरस्ता
गॉगल, ओढणी असल्या वेषांतराच्या फंदात पडू नका. घरून निघतानाच गरज ठरवून निघा. "शर्ट दाखवा" नाही, तर "दिराचा साखरपुडा आहे, माप ४२, पोट जरा सुटलंय, गडद रंग त्याला आवडत नाही." एवढं डोक्यात असलं की प्रश्न आपोआप सुचतात.
दुकानात टिपणं नकोत. आत शिरताना स्वतःच्याच नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप करा, "पोचले". रांगेत लागलात की "येतेय". मेसेजवर वेळ उमटते. बिलावरही वेळ छापलेली असते, बऱ्याचदा कॅशिअरचं नावसुद्धा.

जुना_काउंटरवाला
सायलीताई, मी सहा वर्षं शोरूमच्या फ्लोअरवर काढलीत, म्हणून आम्ही कसे ओळखायचो ते सांगतो. खरं गिऱ्हाईक भाव विचारतं, तोंड वाकडं करतं, मध्येच फोन घेतं. तुमच्यासारखे मात्र "कापड कुठलं, धुतल्यावर आटेल का, बदलून मिळेल का, ऑफर काय" एका दमात, फॉर्मच्याच क्रमाने. शाळेत पाढे म्हणतात तसं! शिवाय नावाच्या बिल्ल्याकडे दोनदा नजर आणि वर बंद ट्यूबलाइट मोजणं.
सगळ्यात मोठी खूण म्हणजे बिल. अर्धा तास ब्लेझर घालून बघितले आणि घेतली काय, तर मोज्यांची जोडी. आम्ही एकमेकांना डोळा मारायचो. लगेच दुसऱ्या शाखेच्या ग्रुपवर मेसेज, "हिरवी कुर्ती, काळी पर्स, येतेय तिकडे." एका दिवशी दोन शाखा करत असाल तर निदान पर्स बदला.

सायली_नाशिक
अरे देवा. हिरवी कुर्तीच होती माझी! पण ३०० रुपयांत मोज्यांशिवाय येतं काय?

जुना_काउंटरवाला
मग मोज्यांपासूनच सुरुवात करा. आधी मोजे हातात घ्या, मग "आलेच आहे तर शर्टही बघते". कुणाला संशय येत नाही. बिल्ला वाचायचा तर तो घडी उलगडायला वाकतो तेव्हा.

कोथरूडकरीण
बिलिंगला मोबाइल नंबर मागतात तिथे सांभाळा. त्याच नंबरावर त्याच साखळीची चार दुकानं केलीत तर स्क्रीनवर सगळा इतिहास दिसतो. काही कामांत शेवटी दाखवायला कंपनीचं पत्र देतात, तेही पर्समध्ये खोल ठेवा. माझं बिलाच्या वेळी पाकिटाबरोबर बाहेर आलं होतं.
आणि हो, काम देण्याआधी नोंदणीचे पैसे मागणारा कुणीही असो, तिथून पळा.

फिरस्ता
एक राहिलंच. मुद्दाम भांडण उकरून बघू नका, फॉर्ममध्ये तसं सांगितलं नसेल तर. त्या पोरांचा इन्सेंटिव्ह आपल्या टिकमार्कवर असतो.

सायली_नाशिक
झालं काम! आधी मोजे, मग दिराचं पोट. त्या पोराने चार शर्ट उलगडले, एक तर स्वतःच्या अंगाला लावून दाखवला, "दादांना हा शोभेल." म्हटलं, दीरच येऊन माप बघेल. मोजे २४९ रुपयांचे, बिलावर पोराचं नाव होतंच.
रात्री ह्यांना सगळं सांगितलं तर म्हणतात, "दीर कुठून आणलास? मी एकुलता एक आहे."