ध्वजारोहण, झेंडावंदन की ध्वज उलगडणे?

परभणीहून प्रश्न:
१७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची शाळेची पत्रिका छापायची आहे. 'ध्वजारोहण' लिहावं की 'झेंडावंदन'? शिवाय १५ ऑगस्टला आरोहण आणि २६ जानेवारीला फडकवणं, असा फरक सांगणारा मेसेज दरवर्षी फिरतो. तो खरा मानायचा का?

नांदेडहून:
सर, हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आरोहण म्हणजे चढणं, त्याच्या उलट अवरोहण. ध्वज खालून दोरीने वर नेला, तरच ते शब्दशः आरोहण. बहुतेक शाळा-ग्रामपंचायतींत ध्वज घडी घालून आधीच वर बांधलेला असतो. पाहुणे दोरी ओढतात, गाठ सुटते, पाकळ्या पडतात. याला नेमका शब्द 'उलगडणे'. पुढे फडकणं हे वाऱ्याचं काम. वंदन आणखी वेगळं, ते सलामीचं आणि राष्ट्रगीताचं. पण गावात 'झेंड्याला चला' म्हटलं की यातलं सगळंच आलं, म्हणून पत्रिकेवर 'झेंडावंदन' चूक नाही.

मेसेजमधला फरक दिल्लीच्या समारंभांवरून आलेला आहे. २००२ च्या ध्वजसंहितेत तारखेप्रमाणे दोन पद्धती सांगितलेल्या नाहीत. चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश आणि सन्मानाने, हे मात्र सांगितलं आहे. ध्वजात एरवी काही ठेवायचं नसतं. राष्ट्रीय दिनी उलगडण्याआधी फुलांच्या पाकळ्या ठेवायला सूट आहे.

लातूरहून:
शब्द ठरला तरी गाठ चुकली की पंचाईत. दोरीचं शेपूट ओढल्यावर सुटणारी सरकगाठच हवी. सप्टेंबर पावसाचा, सुती दोरी भिजली की फुगते आणि गाठ आवळून बसते. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, तिची गाठ उलट आधीच सैल पडते. पाकळ्या मूठभर आणि कोरड्या घ्या, ओल्या कापडाला चिकटून डाग पाडतात. ध्वज उलटा लागतो तो बांधतानाच, घडीत रंग दिसत नाहीत म्हणून. केशरी बाजू वरच्या दोरीला आली का, हे घडी घालण्याआधी दोघांनी बघावं. आदल्या दिवशी दोरी रिकामीच ओढून कप्पी फिरते का तेही पाहा.

उदगीरच्या खादीचे, नांदेडला शिवलेले ध्वज आपल्या भागातच मिळतात. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. ९०० × ६०० मि.मी. किंवा १३५० × ९०० मि.मी. हे त्यातले ठरलेले आकार. ३० डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरही चालतं, पण कापड म्हणून खादीला तोड नाही.

छत्रपती संभाजीनगरहून:
एक शब्द राहिला, 'उभारणे'. गुढी उभारतात, तसा झेंडाही उभारतात. १९४७ मध्ये निजामाच्या राज्यात तिरंगा उभारणं हाच सत्याग्रह होता. त्यामुळे १७ सप्टेंबरच्या भाषणात हा शब्द नुसत्या आरोहणापेक्षा जास्त बोलतो. पताका मात्र दिंडीची, बावटा रेल्वेचा किंवा मोर्चाचा. 'निशाण' फारसीतून आलेलं, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात 'निशाण साहिब' म्हणून रोजच्या बोलण्यातलं. राष्ट्रध्वजासाठी पताका, बावटा, निशाण यांतला कुठलाच शब्द वापरू नये.

रंगाचंही तसंच. वरचा पट्टा केशरी, भगवा नव्हे. २२ जुलै १९४७ च्या संविधान सभेच्या इंग्रजी ठरावातही कंसात 'केसरी' असाच शब्द आहे. आणि चक्राला काड्या नसतात, आरे असतात, बैलगाडीच्या चाकाला असतात तसेच; ध्वजावरच्या चक्रात ते २४.

नांदेडहून पुन्हा:
दुखवट्यात आपण 'अर्ध्यावर उतरवणे' म्हणतो, 'चढवणे' नाही, कारण ध्वज आधी टोकापर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणायचा असतो. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊनच खाली घ्यायचा. पुष्कळ ठिकाणी नेमकी हीच पायरी गळते.

सर, पत्रिकेवर 'ध्वजारोहण' छापा आणि ध्वज खरंच खालून वर न्या. त्याच ओळीखाली अवरोहणाची वेळ आणि जबाबदार शिक्षकाचं नावही द्या. सकाळी गर्दी असते, संध्याकाळी दोरीपाशी कुणी नसतं.