बँड फुटतात ते स्वभावामुळे की वाटणीमुळे?

बेसवादक, मडगाव

सर्व सदस्यांस नमस्कार.

मडगावातील एका पाच जणांच्या रॉक बँडमध्ये मी गेली सात वर्षे बेस गिटार वाजवतो. हंगामात हॉटेले आणि किनाऱ्यावरचे शॅक, त्यानंतर मे महिन्यापर्यंत लग्ने, आणि पावसाळ्यात कोणाच्या तरी घरी बसून स्वतःची गाणी रचणे, असा आमचा वर्षक्रम आहे. गेल्या पावसाळ्यात नऊ गाणी तयार झाली आणि त्यांपैकी चार आम्ही ध्वनिमुद्रित केली. ती ऑनलाइन चढवताना ‘संगीतकार’ या रकान्यात कोणाचे नाव घालायचे, एवढ्या एका प्रश्नावरून आमचा गायक आणि मुख्य गिटारवादक यांच्यात असे बिनसले की आता दोघे एकाच मंचावर उभे राहतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. शब्द गायकाचे आहेत, याबद्दल वाद नाही. चाल मात्र दोघेही आपलीच म्हणतात.

रॉक संगीताच्या इतिहासात अशी भांडणे पुष्कळ झाली आणि त्यांच्याविषयी लिहिलेही पुष्कळ गेले आहे, परंतु जे वाचायला मिळते त्यात बहुधा अहंकार, व्यसने आणि बायका यांच्याच कहाण्या असतात. मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की या गाजलेल्या भांडणांत पाणी नेमके कुठे मुरत होते, आणि ते मुरू नये म्हणून कोणी काही व्यवस्था केली होती का. हा बँड मला मोडू द्यायचा नाही, म्हणून हा प्रश्न अगदी कळकळीने विचारत आहे.

तबकडीसंग्राहक, म्हापसा

बेसवादकबाब, तबकड्यांच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचण्याची मला शाळेपासून सवय आहे, आणि त्या वाचनातून माझे असे मत झाले आहे की बहुतेक भांडणांच्या मुळाशी कधीच कागदावर न उतरलेली एक वाटणी असते.

बीटल्स या ब्रिटिश बँडचेच घ्या. त्यातले लेनन आणि मॅकार्टनी यांनी अगदी तरुण वयात ठरवले की गाणे दोघांपैकी कोणीही लिहिले तरी नावे दोघांची लागतील. त्या दोघांपुरती ही रीत बरीच वर्षे सुखाची ठरली, परंतु त्यांचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्या वाट्याला प्रत्येक तबकडीत एक किंवा दोन, फार तर तीन-चार गाणी येत राहिली. १० जानेवारी १९६९ रोजी तो ट्विकनहॅमच्या स्टुडिओतून तालीम अर्धवट सोडून निघून गेला. काही दिवसांनी तो परतला खरा, पण बँड मोडताच १९७० मध्ये त्याने तीन तबकड्यांचा संच काढला, आणि त्यातील कितीतरी गाणी बँडमध्ये असतानाच त्याच्याकडे साठलेली होती. त्याच्याही आधी, १९६८ च्या ऑगस्टमध्ये, रिंगो स्टार दोन आठवडे सोडून गेला होता. तो परत आला तेव्हा त्याचे ड्रम फुलांनी सजवलेले होते. हा प्रसंग मला फार आवडतो, कारण एखाद्याला ‘तू हवा आहेस’ हे वेळेवर सांगितल्याचे उदाहरण या साऱ्या इतिहासात क्वचितच सापडते.

शेवटचा घाव मात्र व्यवहाराचाच होता. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन १९६७ मध्ये वारला आणि कारभार कोणी पाहावा यावर एकमत होईना. तिघांना ॲलन क्लाइन हवा होता, तर मॅकार्टनीला आपले सासरे ली ईस्टमन. ३१ डिसेंबर १९७० रोजी मॅकार्टनीने लंडनच्या उच्च न्यायालयात भागीदारी मोडण्यासाठी दावा लावला. फिर्याद मित्रांविरुद्ध होती, परंतु त्याला सुटायचे होते ते क्लाइनच्या हातून, आणि भागीदारी मोडल्यावाचून तशी सुटका मिळत नव्हती.

पिंक फ्लॉइडची कथा याहून कठोर आहे. १९६८ च्या जानेवारीत हे लोक साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघाले असताना, आजारी मनःस्थितीतल्या सिड बॅरेटला वाटेत घ्यायचेच नाही असे गाडीत ठरले. बँडला त्याचे पहिले रूप ज्याने दिले, तो असा बाहेर पडला. पुढे रॉजर वॉटर्स मुख्य रचनाकार झाला, आणि १९७९ मध्ये त्याच्या आग्रहाने कीबोर्डवादक रिक राइटला सदस्यत्व सोडावे लागले. त्यानंतर ‘द वॉल’ या तबकडीच्या भव्य मंचीय प्रयोगांत राइट पगारी वादक म्हणून वाजवत होता. प्रयोगांचा खर्च इतका झाला की तोटा मालक असलेल्या तिघांना सोसावा लागला आणि पगार घेणाऱ्या राइटच्या हाती तेवढे पैसे आले.

१९८५ मध्ये वॉटर्स स्वतः बाहेर पडला. आपल्यामागे हा बँड संपला आहे अशी त्याची धारणा होती, परंतु गिटारवादक गिलमोर आणि ड्रमवादक मेसन यांनी तेच नाव चालू ठेवले, आणि नाव कोणाचे यावर वकील कामाला लागले. डिसेंबर १९८७ मध्ये थेम्स नदीवरील गिलमोरच्या घरनौकेत समेट झाला. नाव गिलमोर आणि मेसन यांच्याकडे राहिले, ‘द वॉल’ची संकल्पना वॉटर्सला मिळाली. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले ते २४ वर्षांनी. २००८ मध्ये राइट गेला, त्यामुळे ते चौघांचे एकत्र येणे पहिले तसेच शेवटचे ठरले.

व्यवस्थेविषयी विचारलेत म्हणून क्वीनचा उल्लेख करतो. १९७५ च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या एकल तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ड्रमवादक रॉजर टेलरचे गाणे होते, आणि तबकडी एकच असल्यामुळे रचनेचे मानधन त्यालाही तितकेच मिळाले. यावरून बरीच वर्षे धुसफूस चालली. १९८९ पासून त्यांनी गाणे कोणाचेही असो, श्रेय चौघांच्या बँडलाच द्यायचे ठरवले. अमेरिकेतील आर.ई.एम. तर आरंभापासून चौघांची नावे एकत्र लावत असे, आणि २०११ मध्ये तो बँड थांबला तेव्हा त्यात कोणतीही कटुता नव्हती.

निवृत्त वकील, पणजी

वरील उत्तरात एक धागा जोडावासा वाटतो, कारण तो आपल्याला थेट लागू पडतो.

मँचेस्टरच्या द स्मिथ्स या बँडमध्ये गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार हे गाणी रचत, तर अँडी रूर्क बेस आणि माइक जॉइस ड्रम वाजवत. रचनेचे मानधन रचनाकारांचे, यावर वाद नव्हता. परंतु ध्वनिमुद्रण आणि कार्यक्रम यांच्या उत्पन्नातूनही मॉरिसी आणि मार प्रत्येकी ४० टक्के घेत, आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी १० टक्के मिळत. १९८७ मध्ये बँड मोडला. रूर्कने पुढे तडजोड स्वीकारली, जॉइस मात्र लढला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याला चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, देण्याचा निकाल दिला. मॉरिसीचे अपीलही १९९८ मध्ये फेटाळले गेले. निकालाचा आधार होता इंग्लंडचा १८९० चा भागीदारी कायदा. भागीदारांत वेगळे काही ठरले नसेल तर नफा समान, असे तो सांगतो, आणि १० टक्के जॉइसने मान्य केले होते हे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही.

आपल्याकडील १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचे कलम १३ हेच सांगते. तोटाही त्यात समानच धरला आहे. पाच जण मिळून उत्पन्नाच्या हेतूने वाजवत असतील आणि पैसे आपसांत वाटून घेत असतील, तर त्यांनी कधी सही केली नसली तरी कायद्याच्या नजरेत ती भागीदारी ठरू शकते. रचना ही याहून निराळी गोष्ट आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात गाण्याचे शब्द, गाण्याचे संगीत आणि त्याचे ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या कृती मानल्या जातात आणि तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. आपल्या बँडमध्ये या तिन्हींची सरमिसळ झालेली दिसते. गायक आणि गिटारवादक चालीबद्दल भांडत असताना ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी केला आणि हंगामातील कार्यक्रमांचे पैसे कसे वाटले, हे प्रश्न त्या भांडणात ओढले जाण्यापूर्वी वेगळे काढावेत, अशी माझी विनंती आहे.

ड्रमवादक, वास्को

दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली, तरीही कागदाने सारे सुटते यावर माझा विश्वास बसत नाही. मी स्वतः माझ्या सख्ख्या भावाबरोबर अकरा वर्षे वाजवले, हिशेब पैशापर्यंत चोख ठेवला, आणि तरीही आज आमच्यात अबोला आहे.

समान वाटणीने घात झाल्याचे उदाहरण क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचे आहे. तेथे जवळजवळ सर्व गाणी जॉन फोगर्टी लिहीत असे. त्याचा थोरला भाऊ टॉम १९७१ मध्ये कंटाळून बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी १९७२ च्या तबकडीत लिहिण्याचे आणि गाण्याचे काम वाटून घेतले. हा आग्रह कोणाचा होता, याबद्दल दोन्ही बाजू आजही वेगवेगळे सांगतात. तबकडी पडली आणि त्याच वर्षी बँड संपला. टॉम १९९० मध्ये वारला, तेव्हाही भावांतले अंतर मिटलेले नव्हते. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सन्मानसोहळ्यात जॉनने जुन्या दोन साथीदारांबरोबर वाजवण्यास नकार दिला. जे लिहिण्याची ओढ ज्याला नाही, त्याच्याकडे ते केवळ न्यायासाठी सोपवले तर गाण्याचे नुकसान होते, असे मी यावरून समजतो.

उलट द किंक्सचे पाहा. १९६५ मध्ये कार्डिफच्या मंचावर ड्रमवादक मिक ॲव्हरीने गिटारवादक डेव्ह डेव्हिसच्या डोक्यात झांजेचा स्टँड घातला. डेव्हला १६ टाके पडले, आणि माणूस मेला अशा समजुतीने ॲव्हरी पळून गेला. तरीही तो १९८४ पर्यंत त्याच बँडमध्ये वाजवत होता. ओएसिसचे गॅलॅघर बंधू २००९ मध्ये पॅरिसच्या कार्यक्रमाआधी तुटले आणि ४ जुलै २०२५ रोजी पुन्हा मंचावर आले ते त्याच कार्डिफ शहरात. मध्ये १६ वर्षे गेली. आपल्या दोघा मित्रांना आधी समोरासमोर बसवा. कागद नंतर करता येईल.

नाट्यप्रेमी, फोंडा

रॉक संगीताचे माझे ज्ञान बेताचेच आहे, पण हे सर्व वाचताना आमच्या संगीत रंगभूमीचा इतिहास डोळ्यांसमोर आला, म्हणून लिहितो.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे टेंबे गेले, बोडसही गेले, आणि मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली. कर्जाचा डोंगरही मग त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आला. आमच्या मंगेशीच्या दीनानाथांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली, तीसुद्धा किर्लोस्कर मंडळी सोडूनच. म्हणजे फुटणे हे प्रत्येक वेळी वाईटच असते असे नाही. कधी एका मंडळीतून दोन चांगल्या मंडळ्या निघतात.

हाइड पार्कच्या प्रसंगावरून ८ जुलै १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ आठवला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे एका मंडळीतले नव्हते, ते प्रतिस्पर्धी होते, पण टिळक स्वराज्य फंडासाठी ते एका रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. ज्या प्रेक्षकांनी ते पाहिले, त्यांनी जन्मभर सांगितले.

आपल्या गोव्यातलेही एक उदाहरण आहे, आणि ते मी जड मनाने लिहितो. ख्रिस पेरींचे संगीत आणि लॉर्ना यांचा आवाज ही कोंकणी गीतांतली काय जोडी होती! ते दोघे दूर झाले आणि लॉर्ना दोन दशकांहून अधिक काळ गायल्या नाहीत. १९९५ मध्ये त्या परतल्या तेव्हा माझ्या घरातली वडीलधारी माणसे रडली होती. दोघांत काय घडले यावर मी बोलणार नाही. त्या वर्षांत जी गाणी व्हायची होती ती झाली नाहीत, एवढे मात्र मला नेहमी बोचते.

बेसवादक, मडगाव

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वास्कोच्या बंधूंचा सल्ला मानून मी रविवारी पाचही जणांना माझ्या घरी बोलावले, आणि वकीलसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे वहीत शब्द, संगीत व ध्वनिमुद्रण असे तीन रकाने आखून ठेवले. कार्यक्रमांचे पैसे आम्ही नेहमीच पाच सारख्या भागांत वाटत आलो आहोत. ते तसेच राहील, असे पहिल्या दहा मिनिटांत ठरले आणि सर्वांनी सह्या केल्या.

संगीताचा रकाना अडला, तेव्हा मी गेल्या जुलैमधल्या तालमींची माझ्या फोनवरची ध्वनिमुद्रणे लावली. वादातल्या गाण्याची पहिली तालीम त्यांत निघाली. बाहेर पाऊस पडत असल्याचा आवाज येतो, गायक शब्द नुसते वाचून दाखवतो आहे, गिटारवादक तारा जुळवतो आहे, आणि मागून आमचा कीबोर्ड वाजवणारा, जो या साऱ्या वादात एक शब्दही बोलला नव्हता, मुखड्याच्या पहिल्या दोन ओळींची चाल गुणगुणतो. त्यानंतर ती गिटारवर उचलली जाते, आणि अंतरा गायकाच्या तोंडून येतो.

आम्ही ते तीनदा ऐकले. गिटारवादकानेच पेन उचलून तिघांची नावे लिहिली, आणि कीबोर्डवाल्याचे नाव पहिले घातले. उरलेल्या आठ गाण्यांची ध्वनिमुद्रणे पुढच्या रविवारी ऐकायची आहेत. वकीलसाहेब, हे फोनवरचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून जपायचे असेल तर ते कसे जपावे, हे कृपया सांगावे.

निवृत्त वकील, पणजी

मूळ फाइल फोनवर जशी आहे तशीच राहू द्यावी, ती कापू अथवा सुधारू नये, आणि तो फोनही विकू नये. तिच्या प्रती पाचही जणांकडे ठेवाव्यात. वहीतल्या प्रत्येक पानावर तारीख घालून पाचही जणांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्या दिवशी कोणी हजर नसेल तर त्याच्यासाठी थांबावे.