बाबांच्या तगरीशेजारी काय शोभेल?

अंगणातली

पुण्यात सहकारनगरला आमचं जुनं बैठं घर आहे, पूर्वेला तोंड असलेलं. फाटकापासून पायरीपर्यंत वाटेच्या कडेने २४ फूट लांब आणि जेमतेम ६ फूट रुंद मातीची पट्टी आहे. सकाळी साडेसातपासून बारापर्यंत सगळीकडे ऊन असतं, मग घराची सावली सरकत येते. फाटकाकडच्या टोकाला दोनपर्यंत ऊन मिळतं. माती काळी, मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

या पट्टीत बाबांची दोन झाडं आहेत. पायरीजवळ एकेरी तगर आणि फाटकाजवळ गडद लाल एकेरी जास्वंद. तगर आता माझ्या डोक्यावर गेली आहे. बाबा रोज सकाळी देवपूजेसाठी तिची फुलं काढायचे, आणि खाली पडलेलीही वेचून पाण्याच्या वाडग्यात ठेवायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली.

मधली जागा उघडी वाटायची, म्हणून मागच्या पावसाळ्यात सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांमध्ये गेले आणि जे जे फुललेलं दिसलं ते प्रत्येकी एक घेतलं. १९ रोपं झाली. पिवळी शेवंती, केशरी अबोली, लाल एक्झोरा, सदाफुली, सोनटक्का, अनंत, जिरेनियम, लॅव्हेंडर, लाल-पिवळा कोलियस, आणखीही बरंच. जिरेनियम आणि लॅव्हेंडर ऑगस्टच्या पावसात मुळाशी कुजले. शेवंतीला वर्षभर नुसती पानं, एक कळी नाही. अनंताची पानं पिवळी पडली आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या.

पण खरं दुःख वेगळंच आहे. पूर्वी फाटक उघडलं की आधी तगर दिसायची. आता नजर कुठेच ठरत नाही आणि तगर तर दिसतच नाही. काय ठेवू, काय काढू, आणि तिच्या जवळ काय लावू म्हणजे ती पुन्हा दिसेल? बाबांची दोन्ही झाडं हलवायची नाहीत.

मातीतला

ताई, शोभेचं नंतर बघू. आधी कोणाला किती पाणी लागतं ते बघा, कारण आजारी झाड कशाशेजारीच शोभत नाही.

सोनटक्क्याला ओल हवी आणि थोडी सावली चालते. सदाफुलीला ऊन हवं आणि पाणी बेताचं, पाय ओले राहिले की ती कुजते. ही दोन शेजारी लावली असतील तर एकाला पाणी घालताना दुसऱ्याचं नुकसान होणारच. सोनटक्का पायरीच्या बाजूला न्या, सदाफुली फाटकाकडे.

अनंताला आंबट माती लागते. आपली काळी माती चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी मिळालं की त्याला लोह घेता येत नाही. तुम्ही लिहिलेली पानांची खूण नेमकी त्याचीच आहे. तो जमिनीतून काढा. मोठ्या कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पानांचं कुजलेलं खत आणि थोडीशीच माती घालून लावा, जमलं तर पावसाचं पाणी साठवून द्या.

शेवंतीबद्दल एक विचारतो. रात्री तिच्यावर दिवा असतो का?

अंगणातली

हो! फाटकाबाहेर रस्त्याचा खांब आहे आणि शेवंती बरोबर त्याच्या खालीच आहे.

मातीतला

मग तिचा दोष नाही. शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते. रात्रभर उजेड पडला तर दिवस लहान झालेत हे तिला कळतच नाही. घराच्या मागे, जिथे संध्याकाळनंतर पूर्ण काळोख असतो आणि दिवसा ऊन, तिथे न्या. येत्या थंडीत फुलेल.

आणि आत्ताच काही उपटू नका. मृगात एखादी सर येते आणि मग आठ दिवस कोरडे जातात. आर्द्रा लागल्यावर, माती आतपर्यंत भिजली की हलवा.

रंगपेटी

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे माझं लक्ष तुमच्या एका वाक्यावर अडकलं: तगर दिसतच नाही. १९ रोपांच्या गर्दीत एवढं उंच झाड हरवत नाही हो. तिच्या मागे काय आहे? भिंतीचा रंग कोणता?

अंगणातली

मागे घराचीच भिंत आहे. आधी गेरूसारखी तांबडी होती. गेल्याच्या गेल्या दिवाळीत क्रीम रंग दिला.

लिहिता लिहिता लक्षात येतंय. तगरीची फुलं पांढरी आणि भिंतही जवळजवळ तशीच.

रंगपेटी

तेच. बाबांच्या वेळी पांढऱ्या फुलामागे तांबडी भिंत होती, म्हणून फाटकातूनही ते चमकत होतं. झाड तेच आहे, शेजार बदलला.

शेव्रल नावाचा एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होता, पॅरिसच्या गोबेलँ या चित्रगालिच्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख. तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार आली की तो फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा तसा भासत होता. त्याने १८३९ मध्ये हे सगळं सविस्तर छापलं आणि त्यात बागेत कोणत्या रंगाची फुलं शेजारी लावावीत यावरही लिहिलं. मी मुलांना हेच दोन कागद शेजारी धरून दाखवायचे. तुमच्या अंगणात ते भिंतीवर घडलं आहे.

आता माझं म्हणणं. तगरीच्या मागची तेवढी भिंत, झाडाच्या उंचीपर्यंत, पुन्हा गेरूच्या रंगाची करा. सबंध घर रंगवायची गरज नाही. आणि तगरीच्या पायथ्याशी फूल नको, फक्त हिरवं पान. नेचे लावा, दाट, पाच-सहा एकत्र. सावली त्यांना मानवते. पांढरी फुलं त्या गडद हिरव्यावर पडतील ती फाटकातून दिसतील. सोनटक्काही तिकडेच, तगरीच्या बाजूला. तोही पांढरा, आणि पावसाळ्यात संध्याकाळी त्याचा वास पायरीपर्यंत येईल. लाल-पिवळा कोलियस मात्र तिथून काढा. त्याचं पान फुलापेक्षा जास्त ओरडतं आणि तगरीसारख्या शांत झाडाला ते सोसत नाही.

फाटकाकडे लाल जास्वंद आहे, तिच्या जवळ लाल एक्झोरा ठेवू नका. दोन लाल एकमेकांना खातात. तिथे निळा चित्रक लावा, म्हणजे नर्सरीत ज्याला प्लंबॅगो म्हणतात तो. फिकट आकाशी फुलं, उन्हात भरपूर येतात. त्याच्या पुढे तुमची केशरी अबोली, पण एक नको, सात लावा. केशरी आणि निळा एकमेकांना उजळवतात.

प्रत्येकी एक घेतलंत, तिथेच नजर भिरभिरायला लागली. एकाच जातीचे पुंजके असू देत. वेळ मिळाला तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात एक सकाळ घालवा. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते केलं आहे. तिथे फुलं थोडी, बहुतेक हिरव्याच्या छटा, दगड आणि पाणी. तरीही पाऊल निघत नाही.

गच्ची धनकवडी

रंगपेटीबाईंचं बरंचसं पटलं, पण सगळंच हिरवं आणि पांढरं करू नका अशी माझी विनंती. अंगणात सणाच्या दिवशी रंग हवा. मधल्या दहा-बारा फुटांत पावसाळ्यात तेरडा टाका. बी स्वस्त, गुलाबी-जांभळा फुलतो आणि गौरीला घरचाच मिळतो. तो संपला की त्याच जागी दसऱ्याचा झेंडू. त्यासाठी जुलैच्या शेवटी बी ट्रेमध्ये पेरून ठेवा, म्हणजे वेळेवर फुलेल. जागा कायमची अडत नाही आणि बाबांच्या झाडांना धक्काही नाही.

जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आहे का तेही बघा. असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर शेजारी लावलेल्या नव्या रोपांवर चढेल.

अंगणातली

काल संध्याकाळी तुमचे सगळ्यांचे निरोप मोठ्याने वाचून दाखवले. आई म्हणाली, भिंत तांबडीच ठेव असं बाबा रंगाऱ्याला सांगून ठेवायचे. मला हे माहीतच नव्हतं. क्रीम रंग मीच निवडला होता.

शेवंती मागच्या मोरीजवळ नेते, तिथे रात्री काळोख असतो आणि दुपारी ऊन. एक्झोरा आणि कोलियस शेजारच्या सोसायटीला देते. तेरड्याचं बी आजच आणलं. पिठ्या ढेकूण जास्वंदीच्या दोन शेंड्यांवर सापडला, तेवढे शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले, उरलेलं झाड साबणाच्या पाण्याने धुतलं. गेरूच्या रंगासाठी रंगारी रविवारी येतोय, पाऊस लागायच्या आत उरकायचं आहे.

एकच राहिलं. तगरीच्या खालच्या फांद्या जमिनीला टेकल्यात, नेच्यांना जागा करायची तर त्या कापाव्या लागतील. आत्ता कापल्या तर चालेल?

मातीतला

चालेल. तगर छाटणी सोसते. चीक निघतो, हात धुवा, डोळ्याला लावू नका. कापलेल्या फांद्या टाकू नका. करंगळीएवढ्या जाडीच्या वीतभर कांड्या करा, खालची पानं काढा आणि सावलीत ओल्या मातीत खोचून ठेवा. पावसाळ्यात फुटतात.

रंगपेटी

त्यातली एक कांडी माझ्यासाठी ठेवाल का? पर्वतीपायथ्याला राहते. माझी भिंत विटांची आहे.

अंगणातली

दोन ठेवते. रविवारी रंगारी गेल्यावर, संध्याकाळी या.